माउसचा पहारा

या, असे जवळ सरका. बुवा यायला अजून अवकाश आहे. टाळ मांडीवर राहू द्या आणि तोवर एका पहाऱ्याची गोष्ट ऐका. लहानशीच आहे.

परभणीतल्या एका बियाणे कंपनीचं ऑफिस. तिथलं जुनं सॉफ्टवेअर त्या दिवशी संध्याकाळी पाचला कायमचं बंद होणार होतं. आतलं सगळं बाहेर काढून ठेवा, असा मालकांचा लेखी हुकूम होता. तिथं कंप्यूटरवर बसणाऱ्या रेणुकानं सकाळपासून विक्री काढली, गोदाम काढलं. उरल्या होत्या तक्रारी. सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्यांनी तीन हंगामांत कळवलेल्या एकोणीस हजार तक्रारी, मोकळ्या रानांच्या फोटोंसकट. सोमवारी त्या बियाण्याची चौकशी होती, आणि तिथं त्याच मागितल्या होत्या.

मॅनेजर बन्सीधरला त्या नको होत्या. ते बियाणं त्याच्याच सहीनं बाहेर गेलं होतं. लेखी हुकमापुढं त्याला उघड नाही म्हणता येत नव्हतं, इतकंच.

फाइल निघायला चाळीस मिनिटं लागायची. आणि खोड अशी, की पाच मिनिटं माउस हलला नाही तर सॉफ्टवेअर आपोआप बंद पडे, निघालेलं सगळं वाया. दोनदा तसंच झालं होतं. दोन्ही वेळा बन्सीधरनं तिला मध्येच केबिनमध्ये बोलावून उभं केलं होतं.

आता सव्वाचार वाजले होते. पडद्यावर पंचवीस टक्के. हे तुटलं, तर पुन्हा वेळ नव्हता.

"रेणुका मॅडम, आत या जरा. का खुर्चीला डिंक लावलाय?"

"सर, अर्धा तास द्या फक्त."

"मालकाच्या लाडक्या असाल. साहेब अजून मीच हाय. या!"

रेणुका उठली. शेजारी चांगुणाबाई फरशी पुसत होती. दैठण्याहून रोज येणारी, अक्षराची ओळख नसलेली बाई. रेणुका तिच्याजवळ वाकली.

"मावशी, सप्त्यात वीणा खाली ठेवतेत का?"

"अगं बाई! पहारा बदलताना बी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याबिगर काढीत सुदिक न्हाईत."

"मग हे धरा. नुसतं हलवत ऱ्हायचं. मी येईस्तोर सोडायचं न्हाई."

चांगुणाबाईनं हात पदराला कोरडे केले. आधी माउसला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली, मग खुर्चीत बसली.

केबिनमध्ये बन्सीधर गेल्या वर्षीच्या रजा उकरत बसला. वीसेक मिनिटांनी सहज त्याची नजर काचेबाहेर गेली, आणि तो ताडकन उठला. मागोमाग रेणुका.

"ए मावशी! ऊठ तिथून! तुझ्या बापानं पाह्यला होता का कंप्यूटर?"

चांगुणाबाईनं मान वर केली नाही. "बापानं न्हाई पाह्यला, साहेब. पर पहाऱ्यावरच्या माणसाला कुनी उठवीत नस्तेत. मधी बोलू नका."

बन्सीधरचा हात वायरीकडं गेला. मागच्या दोन टेबलांवरच्या माना वर झाल्या. हात खिशात परतला.

"उद्यापासून येऊ नको कामाला."

"बरं," ती म्हणाली, आणि माउस हलतच राहिला.

पडद्यावरचा आकडा चढत गेला. ब्याण्णव. सत्त्याण्णव. पावणेपाचला फाइल पुरी झाली.

"मावशी, झालं. सोडा आता."

"तू हात लाव आदी. मंग सोडते."

रेणुकानं तिच्या हातावर हात ठेवला. तेव्हा कुठं तो खालचा हात निघाला. फाइल मालकांना पाठवून होईपर्यंत चांगुणाबाईनं उरलेली फरशी पुसून घेतली होती.

सोमवारी यादी चौकशीत गेली. त्या एकोणीस हजारांत गावं आहेत, गट नंबर आहेत, माणसांची नावं आहेत. चांगुणाबाईचं नाव त्यात नाही, आणि आता त्या ऑफिसच्या हजेरीतही नाही.

बुवा आले बघा. उठा. कीर्तन संपल्यावर वीणेकऱ्याच्या पाया पडाल, तेव्हा दैठण्याच्या त्या बाईची आठवण ठेवा.