छताखालच्या फुल्या

सर्बियातल्या क्रागुयेवाचच्या मोटार कारखान्यात वुकाशिनने आयुष्यभर तपासनीस म्हणून सदोष गाड्या निष्ठुरपणे परत पाठवल्या. कामगार आपला द्वेषच करतात, हे गृहीत धरून निवृत्तीनंतरही तो एकाकी राहिला. आज तिथूनच घेतलेल्या जुन्या मोटारीच्या छताचे अस्तर उतरवताना त्याला पत्र्यावर निळ्या मेणखडूच्या सात फुल्या दिसल्या. तपासनिसांच्या खुणांत फुली म्हणजे दोष! संतापून त्याने शेजारच्या राडोयेला, कारखान्यातल्याच वृद्ध वेल्डरला, हाक मारली. “सात दोषांची गाडी माझ्याच गळ्यात मारलीत?” “अरे गाढवा, ती तपासनिसांची फुली नव्हे, आमची. ‘गाडी आपल्या माणसाची, जीव ओतून करा,’ असा निरोप. सातही विभागांनी पाळला.” वुकाशिनने एकेका फुलीवरून बोट फिरवले, त्या रेखणारे बहुतेक जण निवर्तले होते. “तेव्हाच का नाही सांगितलंस?” “तू गाडी परत पाठवली असतीस! मी वेल्डिंगचे टाके नियमापेक्षा जास्त मारले होते.”