अडीच तासांवर

सत्तरीतल्या विधुर डेस्मंडने एका इंजिनाचं नवंकोरं टर्बोप्रॉप विमान घेतलं. लाँगरीचजवळच्या त्याच्या कुरणांपासून ब्रिस्बेनपर्यंत गाडीने तेरा तास लागत. "एवढ्या लांब कशाला येता, बाबा?" असं लेक टेस दरवेळी म्हणायची. आता अडीच तास पुरे होते.

पहिल्याच रविवारी ब्रिस्बेनला उतरून त्याने फोन केला. "टेस, मी विमानतळावर आलोय."

"बाबा, आधी कळवायचं ना. आम्ही बाहेरगावी आलोय."

मागून नातीचा आवाज आला, "आई, आपण घरीच तर आहोत."

"असू दे गं, नवं विमान जरा फिरवायचंच होतं."

संध्याकाळी शेजारच्या नॉर्मनने विचारलं, "काय रे, भेटली का लेक?"



"हवा बिघडली, अर्ध्या वाटेतून परतलो," निरभ्र आभाळाखाली विमानावर कापड ओढत डेस्मंड म्हणाला.