लाल पट्टा

मनगटावरचा पट्टा लाल झाला आणि खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईने मान हलवली.

“बिनव्हिसाचा झटपट प्रवासपरवाना नाही मिळणार, मावशी. लेकीचं नाव निघालं की तुमची नाडी फार धावते. अशी माणसं तिकडे गेली की परत येत नाहीत, असं यंत्र सांगतं. आता व्हिसाचा अर्ज करा. चार महिने लागतील.”

“तिचं बाळंतपण आठ दिवसांवर आलंय,” इंदुमती शेलार म्हणाल्या.

“माझा पट्टा तर तीन सेकंदांत हिरवा झाला!” शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान भास्करराव ऐटीत म्हणाले.

इंदुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लेकीने मनाविरुद्ध लग्न केल्यापासून सहा वर्षांत हा माणूस तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. परदेश बघायला मिळतोय, एवढ्यासाठीच तो निघाला होता.

“काय अक्कल आहे तुमच्या यंत्राला!” त्या अधिकारी बाईला म्हणाल्या. “ज्याला कुणाचंच काही वाटत नाही, त्यालाच दार उघडतं.”

त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा नवऱ्याच्या हातात कोंबला. “तिला द्या. आणि तिच्याशी काय बोलायचं, ते विमानात ठरवा.”

भास्कररावांनी झाकण उघडून एक लाडू तिथेच तोंडात टाकला.

त्यांच्याकडे पुन्हा न बघता इंदुमतीबाई व्हिसाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.