काचनिळा

आण्णा गेले तेव्हा राजनंदिनीने आत्याला आईच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. निळ्या काचेच्या होत्या, आण्णांच्या आवडीच्या.

आण्णा चित्रकार. निळी काच वाटून जुन्या पद्धतीचा रंग करायचे. फार बारीक वाटली तर निळा मरतो, असं म्हणायचे. तेलात कालवलेला हा रंग काही वर्षांनी करडा पडतो. त्यांनी काढलेल्या आईच्या चित्रातली साडीही तशीच करडी पडली होती.

तेरावं उरकून राजनंदिनी साताऱ्याहून सांगलीला परत निघाली, तेव्हा चित्रातल्या पदराचा काठ निळा दिसला. आईच्या हातात एक बांगडी कमी होती.

"फुटली का गं?"

"न्हाई. दिली," आई म्हणाली.

तेवढ्यात माडीवर दगडावर काच वाटल्याचा आवाज आला. ती धावत वर गेली. आण्णांची खोली रिकामी होती.

ती साताऱ्यातच राहिली. आईच्या उरलेल्या बांगड्या तिने कपाटात कुलूपबंद केल्या. आवाज मात्र रोज दुपारी येत राहिला.

आज कपाट उघडलं, तर एकही बांगडी नव्हती. चित्रातली साडी निळीशार झाली होती, फक्त तळहाताएवढी जागा करडी उरली होती.

माडीवरचं वाटणं थांबलं. आई उठून जिन्याकडे निघाली. राजनंदिनीने तिचा हात घट्ट धरला. तो गार, गुळगुळीत लागला. खिडकीतलं ऊन त्या हातातून निळं होऊन फरशीवर पडलं होतं.

"आवं, थांबा की, आले," आई वर बघून म्हणाली. "पर लय बारीक वाटू नगा."