सीटमधला कागद

कारखान्यात गाडी जोडून झाली की पूर्वी कामगार तिच्या जोडणीचा, तिचा नंबर घातलेला कागद सीटमध्येच कोंबून ठेवायचे. तो सापडला तर जुन्या गाडीला दुप्पट भाव येतो. "सापडला की लगेच विकतो, मग घर तुझं," असं जुनी गाडी घरात आणून खोलताना नवऱ्यानं बायकोला कबूल केलं होतं. तेव्हापासून गाडीचे दरवाजे पलंगाखाली होते, इंजिन बैठकीत आणि बायको अंग चोरून उरलेल्या जागेत.

आज मागच्या सीटच्या स्प्रिंगांतून कागद निघाला. बायकोनं बाह्या सरसावल्या. "चला, उचला आधी ते धूड!"

नवऱ्यानं कागदावरचा नंबर गाडीशी ताडून पाहिला. "गाढवांनी दुसऱ्याच गाडीचा कोंबलाय गं."

"मग आपला?"

"त्या गाडीत असणार!" नवऱ्याची कळी खुलली. "तीही आणू, खोलू. स्वयंपाकघर तसं ऐसपैस आहे आपलं."