मागची सीट

"तू इथंच थांब. चहा घे," जितेंद्र हेल्मेट न काढताच म्हणाला. "मी वरपर्यंत एक चक्कर मारून येतो."

दिपाली मोटारसायकलवरून उतरली नाही. गाडी परासियाच्या चौकात चहाच्या टपरीपुढे उभी होती. इथून पुढे तामियाचा घाट.

"मले नको चहा. चला."

"घाटात तुले चक्कर येते."

"येऊ द्या."

त्याने गाडी पुन्हा सुरू केली. सकाळपासून हेच चाललं होतं. त्याला तिला कुठेतरी उतरवायचं होतं आणि ती उतरत नव्हती.

वर्षभर ही गाडी कोराडीच्या कॉलनीत, क्वार्टरच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. वीज केंद्रातली ड्यूटी करायची, घरी यायचं, भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढंच जितेंद्रचं वर्षभर चाललं होतं. काल त्याने ताडपत्री काढली, चेनला तेल दिलं, हवा भरून आणली. तामियाला जाऊन येतो, असं घरात सांगितलं. येतो म्हणाला खरा, पण परत यायचं नाही हे त्याने ठरवलेलं होतं. तामियाच्या अलीकडे एक वळण होतं. त्याला तिथपर्यंतच जायचं होतं.

सकाळी दार उघडलं तर दिपाली हेल्मेट घालून तयार. मागे त्यांची मुलगी वेदिका, कॉलेजची बॅग खांद्याला लावून उभी. दिपाली आजवर त्याच्या मोटारसायकलच्या एकाही टूरला आली नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही खाली न पाहणारी बाई. पूर्वी तो तिला किती आग्रह करायचा. चिखलदरा, पचमढी, कुठेही चल म्हणायचा. ती हसून डबा बांधून द्यायची.

"मी पण येते," ती म्हणाली, आणि त्याने काही बोलायच्या आत मागच्या सीटवर जाऊन बसली.

सावनेरला तिने पोहे मागितले. ही आत बाकावर बसली की आपण निघायचं, असा विचार त्याने केला. ती प्लेट घेऊन गाडीला टेकूनच खात राहिली. जामसावळीला तो म्हणाला, "दर्शन घेऊन ये, मी गाडीजवळ आहे." रस्त्यातलं एकही देऊळ कधी न सोडणाऱ्या दिपालीने सीटवरूनच हात जोडले. छिंदवाड्यात तिची मावसबहीण राहायची.

"प्रीतीकडे सोडतो तुले. संध्याकाळी घेतो."

"माझं बोलणं नाही तिच्याशी."

कालच दोघी फोनवर तासभर हसत होत्या. जितेंद्रने वाद घातला नाही. वाद घालायचं त्राणच त्याच्यात उरलं नव्हतं.

आता घाट लागला. सागाची झाडं, खाली धुकं, आणि पुढे कोळशाचा ट्रक. मागच्या हिवाळ्यात असाच एक ट्रक होता. दहाबारा गाड्यांचा त्यांचा गट, आणि जितेंद्र गटाचा कॅप्टन. सगळ्यात लहान हर्षित, जेमतेम बावीसचा. "काका, मी तुमच्याच मागं राहतो," असं म्हणून तो दर वेळी त्याच्या मागचा नंबर धरायचा. जितेंद्रने ट्रक ओलांडला. पुढचा रस्ता त्याला मोकळा दिसला. त्याने डावा हात वर करून पुढे हलवला. ये, ये. हर्षित आला, आणि वळणावरून जीप आली.

अपघात झाला, असं पोलीस म्हणाले. गटातले म्हणाले. हर्षितचे वडीलसुद्धा त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाले. हर्षितला पुढे बोलावणारा जितेंद्रचा तो हात कोणी पाहिलाच नव्हता. त्याने कोणाला सांगितलंही नाही.

वळण आलं. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"उतर वं. फोटो काढ थोडे. मी पुढून गाडी वळवून आणतो."

दिपालीने दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती टाकले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

"मी उतरली तर तुम्ही थांबान का?"

"काय बोलून राहिली तू?"

"झोपेत रोज तुमचा डावा हात वर जाते. ये, ये करता. मग त्या पोराचं नाव घेऊन रडता." तिचा आवाज त्याच्या पाठीतून आल्यासारखा येत होता. "वर्षभर मी तो हात धरून झोपून राहिली."

मागून आलेला एक ट्रक घरघरत शेजारून वर गेला. जितेंद्र हँडल धरून बसला होता. पुढे फक्त थोडा रस्ता होता आणि मग काहीच नव्हतं. मागे तिचं सगळं अंग थरथरत होतं. दरी डावीकडेच होती. तिने डोळे मिटलेले असणार, हे त्याला न वळताही कळलं.

त्याने चावी फिरवली. इंजिन थांबलं.

तो उतरला आणि तिथेच मातीत बसला. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नाही. हेल्मेटमध्येच तो रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज करून. दिपाली दरीकडे पाठ करून त्याच्याजवळ बसली. त्याच्या हनुवटीखालचा पट्टा तेवढा तिने सोडला.

बऱ्याच वेळाने त्याला तिच्याकडे बघता आलं.

"काही झालं असतं तर? पोरीले एकटं सोडून काहून आली तू माझ्यामागं?"

"एकटं नाही सोडलं," ती म्हणाली. "संध्याकाळी बाबाले घेऊन येते, असं सांगून आली तिले."