दोन दिवसांची सुरमई

बाईंनी भाव विचारला, गोदूबाईने सांगितला आणि बाईंनी निमूट पैसे काढून दिले. ना नाक मुरडलं, ना "मागच्या वेळी कमी लावलं होतंत" म्हणाल्या. पापलेटं पिशवीत टाकली आणि "येते हं आजी" म्हणत हसतमुखाने गेल्यासुद्धा.

गोदूबाई बघतच राहिली. उरण नाक्याच्या मासळी बाजारात तिचा जन्म गेला होता. घासाघीस न करता मासळी घेणारी बाई तिने अजून पाहिली नव्हती. आधी तिला वाटलं, आपण बाजारात नव्हतो तेवढ्या दोन वर्षांत पनवेलच सुधारलं असेल.

ती दोन वर्षं तिने नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये काढली होती. मुलाला, काशिरामला, बंदरात नोकरी लागली आणि त्याने खाडीकाठचं घर सोडून आईला इथे आणलं. "आये, जन्मभर पाटी वाहिलीस. आता बस," म्हणाला. त्याचं मन मोडवेना म्हणून ती बसली, आणि बसली ती बसलीच. शेजारीपाजारी कोण राहतं, हेही तिला कधी कळलं नाही. आधी गुडघे धरले, मग बोलणं आटलं, मग जेवण. शेवटी दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. डॉक्टर काशिरामला म्हणाले, "गोळ्यांनी काही व्हायचं नाही. त्यांना माणसांत जाऊ द्या, हाताला काम द्या. जीव रमला पाहिजे."

मग काशिरामनेच तिला स्कूटरवर बसवून बाजारात आणून सोडलं. तिची जुनी सोबतीण कृष्णाबाई सरकून बसली, आपल्या मालातला थोडा तिच्या पाटीत घातला. कोयता हातात आला आणि म्हातारीच्या अंगात वारं शिरलं. त्या दिवशी घरी तिने आपणहून भाकरी मागितली. काशिरामचे डोळे भरून आले.

पण दिवस जाऊ लागले तसं तिच्या मनात पाल चुकचुकू लागली. शेजारी कृष्णाबाईचा घसा भांडून भांडून कोरडा पडायचा. गोदूबाईशी मात्र कुणी हुज्जतच घालत नव्हतं. सगळी गिऱ्हाइकं गोड, सगळी घाईत, आणि सगळी तिलाच शोधत येणारी.

एका सकाळी तिने कृष्णाबाईकडची दोन दिवसांची सुरमई मागून घेतली. ती आपल्या पाटीत सगळ्यांत वर ठेवली आणि भाव दुप्पट सांगितला. समोरच्या चष्मेवाल्या बाईने पर्स उघडली.

"कल्ला उचलून बघ ना गो. वास तरी घे!"

"तुमच्यावर विश्वास आहे आमचा, आजी."

गोदूबाईला राहवेना. तिने सुरमई मागे ओढली. "नको नेऊस. शिळी हाय ती."

"असू दे हो आजी. द्या तीच."

बाई सुरमई घेऊन गेली. तिने कृष्णाबाईकडे पाहिलं. कृष्णाबाईने मान खाली घातली.

"काशाने सांगितलंय गो त्यांना. तुमच्या बिल्डिंगमधल्या हायेत सगल्या. पाया परला माझ्या, बोलला, आयेला कलू देऊ नको."

पोर भातुकली मांडतं आणि मोठी माणसं त्यातला खोटा भात कौतुकाने खातात. तिचा बाजार तसला होता. आता आपली कुणाला म्हणजे कुणालाच गरज उरली नाही, एवढं तिला लख्ख कळलं. घरी जावं, भिंतीकडे तोंड करावं आणि पुन्हा उठूच नये असं तिला वाटलं.

संध्याकाळी काशिराम कामावरून आला. पायातले बूट न काढताच त्याने विचारलं, "आये, खपली का गो मासली?"

भिंतीकडे वळलेली गोदूबाई उठून बसली. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "खपली. सगली खपली."

"ऐकलंस?" काशिराम आत बायकोला ओरडला. "सगली खपली!" त्या रात्री तो पोटभर जेवला, मोठमोठ्याने हसला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली. गोदूबाई जागीच होती.

दुसऱ्या दिवशी ती पाटी मांडून बसलेली पाहून कृष्णाबाई चक्रावली. "सगलं कललं, तरी आलीस?"

गोदूबाईने पापलेटांवर पाणी शिंपडलं. लांबून एक हसऱ्या चेहऱ्याची बाई तिच्याच रोखाने येत होती.

"माझं काय राहिलंय गो," ती म्हणाली. "पोराचा जीव रमतोय, रमू दे."